गृहविचार : फळीच्या आधीं पातळी

घर पाहावयास आलेल्या पाहुण्याची दृष्टि भिंतींवरून छपराकडे जाते. पण त्याच घरांत ज्यांना जन्म काढावयाचा असतो, त्यांचा अहोरात्र संबंध येतो तो पायांखालच्या जमिनीशीं. रांगतें मूल, पंगतीला पाटावर बसलेलीं माणसें, पहांटे दिवा न लावतां न्हाणीकडे जाणारी वृद्ध आजी, या सर्वांना घराची ओळख तळव्यांनीं होते. आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं या तळाच्या भागांस वेगवेगळीं नांवें दिलीं आहेत : जोत्याला अधिष्ठान, फरसबंद जमिनीला कुट्टिम, उंबरठ्याला देहली. नांवें वेगळीं असलीं तरी तिघांचा हिशेब एकच, आणि तो म्हणजे उंचीचा. या महिन्यांत त्या हिशेबाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

निमित्त असें कीं, मुंबई-पुण्यास नोकरी करून निवृत्त झालेले पुष्कळ गृहस्थ हल्लीं कोंकणांतील मूळ घर दुरुस्त करून घेतात, आणि त्यांत अस्सल लाकडाच्या फळ्यांची जमीन करण्याची हौस दिसूं लागली आहे. लाकडाचा नुसता देखावा छापलेले जे पातळ तक्ते बाजारांत मिळतात, त्यांविषयीं हें लिहिणें नव्हे. सागाची किंवा तशाच टिकाऊ लाकडाची, सुमारें २० मिलिमीटर जाडीची एकसंध फळी, तिच्या एका कडेची जीभ शेजारच्या फळीच्या खाचेंत बसविलेली, अशी जमीन आम्हांस अभिप्रेत आहे. ही हौस वाईट नाहीं. थंडींत लाकूड पायांना दगडासारखें गार लागत नाहीं, आणि पृष्ठभाग झिजला तर रंधून-घासून तो पुन्हां नवा करतां येतो. शिवाय लाकडी जमीन आपल्याला परकीहि नाहीं. आपल्या जुन्या माड्यांना आणि पुण्याच्या वाड्यांना कड्यांवर ठोकलेली तक्तपोशी होतीच. मात्र एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आपल्या वाडवडिलांनीं लाकूड वर माडीला वापरलें, आणि खालीं मातीला लागून दगड किंवा शेणानें सारवलेली जमीन ठेविली. त्याला कारण होतें, आणि तें कारण अद्याप गेलेलें नाहीं.

तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळें सर्व महाराष्ट्रास ठाऊक असलेलें उमरठ हें पोलादपूर तालुक्यांतील गांव सह्याद्रीच्या कुशींत आहे. या मुलुखांत वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या बाजूच्या एका घराचें उदाहरण घेऊन आम्ही पुढील विवेचन करतों. घर कोणाचें तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तीन भावांचें सामाईक घर. पुढें ओटी, मग माजघर, डावीकडे वृद्ध मातोश्रींची खोली, मागें स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर माडी. मधल्या बंधूंनीं माजघरांत आणि माडीवर सागाच्या फळ्या घालण्याचें ठरविलें, लाकूडहि पाहून ठेविलें, आणि आमच्याशीं विचारविनिमय केला. फळी किती रुंद असावी, तेल लावावें कीं रोगण, यावर बराच वेळ बोलणें झालें. इतक्यांत थोरल्या सूनबाई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, सासूबाई रात्रीं दोनदां उठतात. त्यांना कोठें चढावें लागेल आणि कोठें उतरावें लागेल, तेवढें आधीं सांगा." आमच्या मतें त्या दिवशींचा मुख्य प्रश्न हाच होता.

त्याचें उत्तर काढावयाचें तर फळीखालीं काय काय येतें तें मोजलें पाहिजे. फळी जमिनीवर नुसती अंथरतां येत नाहीं. सामान्यतः ४० मिलिमीटर उंचीच्या लाकडी रिपा सुमारें ३०० ते ४०० मिलिमीटर अंतरानें पक्क्या बसवितात आणि त्यांवर फळ्या ठोकतात. ४० अधिक २०, म्हणजे ६० मिलिमीटर. आपल्या जुन्या मापानें जवळजवळ अडीच इंच. रिपांऐवजीं १२ मिलिमीटरांचें प्लायवुड घालून त्यावर फळी चिकटविली, तर सरसाच्या थरासकट ३५ मिलिमीटर लागतात. खालचा कोबा अगदीं सपाट व कोरडा असेल, तर फळी थेट चिकटवून २३-२४ मिलिमीटरांत काम होतें. परंतु असा कोबा जुन्या घरांत दुर्मिळ. तेव्हां जुन्या जमिनीवर नवी जमीन चढवावयाची म्हटली, कीं निदान एक इंच आणि पुष्कळदां अडीच इंच इतकी ती वर येते.

अडीच इंच म्हणजे काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. उंबरठ्यापाशीं उभें राहून पाहावें. ओटी आणि माजघर पूर्वीं एका पातळींत होतीं व मधला उंबरठा १०० मिलिमीटर उंच होता. आतां माजघर ६० मिलिमीटर वर आलें. ओटीवरून पाहिल्यास उंबरठा पूर्वींइतकाच. आंतून पाहिल्यास तो केवळ ४० मिलिमीटर राहिला. सत्तर वर्षें त्या घरांत वावरलेल्या पायाला चार इंच चढून चार इंच उतरण्याची संवय झालेली असते. आंत येतांना तें पाऊल अपेक्षेच्या आधींच फळीवर आदळतें. बाहेर जातांना दीड इंच चढून एकदम चार इंच खालीं पडतें. ठळक पायरी डोळ्याला दिसते आणि माणूस सावध होतो. अर्धवट चढ दिसत नाहीं, आणि ठेंच लागते ती तेथेंच. उतारवयांत अशा ठेंचेनें खुब्याचें हाड मोडलें, तर पुष्कळांचें पुढचें आयुष्य अंथरुणावर जातें. देहलीदीपन्याय आपण शिकतों, कीं उंबरठ्यावर ठेविलेला दिवा आंत आणि बाहेर दोन्हीकडे उजेड देतो. उंबरठ्याची उंचीहि तशीच दोन्हीकडून मोजावयाची असते. एकीकडून मोजणारा निम्मेंच मोजतो.

दारांचीहि तीच गोष्ट. उंबरठा नसलेल्या आंतल्या दाराखालीं फार तर १० मिलिमीटर फट असते. जमीन ६० नें वर आली, कीं तितकेंच दार खालून कापावें लागतें. जुनें भरींव सागवानी दार कापून घेतां येतें. परंतु आंतून पोकळ असलेलें हल्लींचें दार तितकें कापलें, तर त्याच्या खालच्या कडेची भरींव पट्टी निघून जाऊन आंतला पोकळ भाग उघडा पडतो. जुन्या घरांचीं दारें मुळांतच ठेंगणीं; त्यांतून आणखी अडीच इंच गेले, तर उंच माणसाच्या कपाळाशीं गांठ आहे. झोपाळ्याच्या कड्या आंखूड कराव्या लागतील, भिंतींतले कोनाडे खालीं आल्यासारखे दिसतील. ही शेवटची बाब सोसण्यासारखी आहे; जिन्याची मात्र नाहीं.

जिन्याचें गणित आम्ही मुद्दाम सविस्तर देतों. खालपासून माडीपर्यंत १४ पायऱ्यांची चढण आहे आणि प्रत्येक चढ १९० मिलिमीटरांचा आहे, असें धरूं. एकूण उंची २६६० मिलिमीटर. माजघर ६० नें वर आलें, तर पहिला चढ १३० चा होतो. माडीवर प्लायवुडासह ३५ मिलिमीटरांची जमीन घातली, तर शेवटचा चढ २२५ चा होतो. एकाच जिन्यांत पहिली पायरी पांच इंचांची, मधल्या साडेसातांच्या आणि शेवटची जवळजवळ नऊ इंचांची! भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेंत घरगुती जिन्याच्या चढाची कमाल मर्यादा १९० मिलिमीटर सांगितली आहे. २२५ ची पायरी तिच्या बाहेर गेली. आणि मर्यादेंत असली तरी चढ सारखे नसणें हाच मुख्य दोष, कारण जिना चढतांना कोणी पायऱ्या पाहत नाहीं. पहिल्या दोन पायऱ्यांवरून पाय पुढचा अंदाज बांधतो. यावर उपाय असा : नवी एकूण उंची २६६० वजा ६० अधिक ३५, म्हणजे २६३५. तिला १४ नीं भागिलें असतां प्रत्येक चढ १८८ मिलिमीटरांचा येतो. तसें साधण्यासाठीं पहिल्या पायरीवर ५८ मिलिमीटर, आणि पुढें प्रत्येकीवर सुमारें पावणेदोन मिलिमीटर कमी कमी करीत तेराव्या पायरीवर ३७ मिलिमीटर जाडीची भर घालावी लागते. म्हणजे जमीन दोन खोल्यांची ठरली आणि खर्च सगळ्या जिन्याचा आला. फळ्या विकत घेण्याच्या आधीं हें समजलें तर बरें. फळ्या ठोकल्यावर समजलें तर सुताराला दोष देण्यापलीकडे कांहीं उरत नाहीं.

मग सरळ उपाय कोणता? जमीन वर न चढवितां जुनी उकरून तितकी खालीं न्यावी, म्हणजे तयार पृष्ठभाग पूर्वींच्याच रेषेवर राहील. शहाबादी लादी सुमारें २५ मिलिमीटर आणि तिच्याखालचा मालाचा थर तितकाच. दोन्ही काढले कीं ५० मिलिमीटर हातीं येतात. आणखी १० खरवडले कीं हिशेब जुळला असें वाटतें. परंतु येथें उमरठचा पाऊस आडवा येतो. लादी काढल्यावर लागते ती माती, आणि मातीवर रिपा ठेवणें म्हणजे वाळवीला पान वाढून ठेवणें होय. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाहीं हें खरें. पण कडेचा पांढरट भाग ती सोडीत नाहीं, आणि रिपा पुष्कळदां हलक्या लाकडाच्या असतात. म्हणून खालीं दगडांचें सोलिंग, त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड कागद, सांध्यांना निदान सहा इंचांचा दुमड, आणि त्यावर कोबा, एवढें करावेंच लागतें. वरून खालीं मोजीत जाऊं : फळी २०, रिपा ४०, कोबा १००, सोलिंग १५०, एकूण ३१०. म्हणजे फूटभर खणणें आलें. जुन्या दगडी भिंतींचा पाया कित्येकदां उथळ असतो. भिंतीलगत खणण्यापूर्वीं जाणत्या गवंड्याकडून तो पाहून घ्यावा.

आतां जोत्याकडे वळूं. संहितेप्रमाणें जोतें आजूबाजूच्या जमिनीहून निदान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट, उंच असावें. उमरठकडील घरें उताराला बांधलेलीं असतात. समोरून तीन फुटांचें भरदार जोतें दिसतें, आणि परसदारीं तेंच सहा इंच उरलेलें असतें; कारण डोंगराची माती दरसाल पावसाबरोबर थोडथोडी खालीं येऊन भिंतीला टेकते. जोत्याची खरी उंची ही मागची. त्या घरांत मागें १५० मिलिमीटर जोतें होतें. वरील हिशेबानें रिपांचा तळ पृष्ठभागाखालीं ६० मिलिमीटर, म्हणजे परसांतील जमिनीपेक्षां केवळ ९० मिलिमीटर वर आला, आणि कोब्याचा तळ परसाच्याहि १० मिलिमीटर खालीं गेला. आषाढांत डोंगरावरून उतरणारें पाणी त्या भिंतीशीं उभें राहिलें, म्हणजे कितीहि उंची साग घातला तरी त्याचा काय उपयोग? म्हणून आम्ही त्यांस सांगितलें, कीं आधीं परसदारची माती काढा, दीड फुटाचें जोतें मोकळें करा, भिंतीपासून दूर दगडी गटार बांधून डोंगराचें पाणी बाजूनें काढून द्या, आणि मग माजघरांतील फळीचा विचार करा. सावित्रीकांठचें महाड शहर २००५ आणि २०२१ सालच्या जुलै महिन्यांत पुरानें किती गांजलें तें सर्वांना स्मरत असेल. तेथल्यासारख्या सखल भागांत तर पुराच्या पाण्याची रेघ भिंतीवर कोठवर आली होती, तें विचारल्याशिवाय तळमजल्यावर लाकूड घालूंच नये.

नवीन घर बांधणारांस आणखी एक मार्ग मोकळा असतो. विलायतेच्या ओलसर हवेंत तळमजल्याची लाकडी जमीन अधांतरीं ठेवण्याची चाल आहे. तेथील बांधकामाच्या नियमांनुसार जमिनीचें आच्छादन आणि लाकडी सांगाडा यांत निदान १५० मिलिमीटरांची पोकळी ठेवून समोरासमोरच्या भिंतींतून वारा खेळता ठेवतात. त्यांत १०० मिलिमीटरांची कडी आणि २० ची फळी मिळविली, कीं २७० मिलिमीटर पृष्ठभागाखालीं लागतात. दीड फुटाहून अधिक उंच जोतें योजलें तर आपल्याकडेहि हें साधेल. मात्र झरोक्यांना बारीक पोलादी जाळी हवी, नाहीं तर ती पोकळी उंदीर-सापांची ओसरी व्हावयाची. हा निर्णय पाया भरतांना घ्यावयाचा असतो. घर उभें राहिल्यावर ही उंची कोठून आणणार?

उंचीइतकाच रुंदीचाहि विचार हवा, कारण लाकूड ऋतूंबरोबर श्वास घेतें. सागाचें लाकूड इतरांच्या मानानें स्थिर. तरीहि १०० मिलिमीटर रुंद फळीतील ओलावा पांच टक्क्यांनीं वाढला, तर ती सुमारें एक मिलिमीटरपर्यंत फुगते. बारा फूट रुंदीच्या माजघरांत अशा ३६ फळ्या बसतात; म्हणजे सर्वांची मिळून इंचाहून अधिक वाढ. तिला भिंतीपाशीं जागा ठेविली नाहीं, तर फळ्या मधोमध पाठ उचलतात आणि इतक्या कष्टानें राखलेली पातळी जाते. यासाठीं चारी बाजूंना १२ ते १५ मिलिमीटरांची फट ठेवून ती भिंतीच्या पट्टीखालीं झांकावी. फळ्या तीन-साडेतीन इंचांहून रुंद घेऊं नयेत. आणि लाकूड आणल्यावर मध्यें चिपा घालून तें त्याच खोलींत कांहीं आठवडे रचून ठेवावें. वैशाखांत बसविलेली जमीन आषाढांत फुगते, श्रावणांत बसविलेली माघांत फटी दाखविते. दिवाळीच्या सुमाराचा काळ मध्यम. कोबा नवा असेल तर इंचभर जाडीला निदान एक महिना वाळूं द्यावा. त्यानंतर दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटवून एक दिवस ठेवावा. काढतांना खालीं दंव दिसलें, तर कोबा अद्याप ओला समजावा. आमच्या मतें ही परीक्षा भर पावसाळ्यांतहि एकदां करावी. उन्हाळ्यांत सगळेच कोबे उत्तीर्ण होतात.

न्हाणीच्या बाजूला नियम थोडा निराळा. न्हाणीची जमीन लाकडाच्या पृष्ठभागाहून खालीं असणें पुरेसें नाहीं. ती रिपांच्या तळाहूनहि खालीं हवी, आणि मध्यें दगडाचा उंबरठा हवा. नाहीं तर तुंबलेलें पाणी फळी न भिजवितां तिच्याखालीं शिरतें, आणि तें कळतें तेव्हां लाकूड कुजलेलें असतें. स्वयंपाकघरांत लाकूड नकोच. माडीवर मात्र तें शोभतें आणि सोयीचेंहि होतें. २० मिलिमीटर सागाचें वजन चौरस मीटरला अवघें १३ किलो; दगडी लादी मालासकट शंभराच्या वर जाते. जुन्या कड्यांना हा भार सहज पेलतो. तरी कड्या किडलेल्या नाहींत ना, हें आधीं पाहावें.

एवढें सगळें सांभाळावयाचें तर काम कोठून सुरू करावें? आमचें उत्तर असें, कीं फळीपासूनहि नाहीं आणि पायापासूनहि नाहीं, रेषेपासून. गवंड्याकडून पाण्याच्या नळीनें घरांतील प्रत्येक खोलीच्या भिंतीवर, ओटीपासून परसापर्यंत, एकच आडवी रेघ मारून घ्यावी; ती तयार जमिनीपासून बरोबर एक मीटर उंच धरावी. मग प्रत्येक दारापाशीं, जिन्याच्या पहिल्या व शेवटच्या पायरीपाशीं आणि न्हाणीच्या तोंडाशीं त्या रेघेपासून खालचें अंतर मोजून वहींत लिहावें. कोणती खोली किती वर आहे, कोठें किती खणावें लागेल, कोठें लाकूड शक्यच नाहीं, हें एका संध्याकाळीं समोर येतें. याला खर्च नळीचा आणि खडूचा. पाणसळ, ओळंबा आणि गुण्या हीं साधनें आपल्या गवंड्यांच्या पिशवींत असतातच. त्यांना काम करूं देण्याचा धीर मात्र घरमालकानें धरला पाहिजे.

आणि घर सामाईक असेल, तर ती रेघ सर्वांच्या देखत मारावी. आजकाल भाऊ आपापल्या खोल्या आपापल्या ऐपतीप्रमाणें सुधारतात. एकाची फरशी, दुसऱ्याचें लाकूड, तिसऱ्याची सारवलेलीच जमीन. यांत गैर कांहीं नाहीं. परंतु प्रत्येकाची जमीन निराळ्या उंचीची झाली, म्हणजे दहा पिढ्या एका पातळींत असलेलें घर दारोदारीं चढउताराचें होतें, आणि त्याचा दंड भरतात तीं घरांतलीं सर्वांत म्हातारीं आणि सर्वांत लहान माणसें. जमीन कशाची असावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. ती किती उंच असावी हा सगळ्या घराचा आहे.

उमरठकडील त्या घरांत तिन्ही भावांनीं मिळून रेघ मारली. तींत दिसून आलें, कीं मातोश्रींची खोली, माजघर आणि न्हाणीकडचा बोळ पूर्वींपासून एका पातळींत आहेत. ती पातळी मोडावयाची नाहीं, असें ठरलें. माडीवरील फळ्या यंदा, जिन्याच्या दुरुस्तीसकट. त्यांतहि माजघर जेथल्या तेथें राहणार म्हणून तें काम बरेंच कमी झालें. परसदारचें गटार याच उन्हाळ्यांत; आणि माजघराचा निर्णय एक पावसाळा कोब्याची परीक्षा पाहून. लाकूड थांबतें, नीट रचून ठेविलें तर वाळून अधिक चांगलेंच होतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या मनांत असा बेत असेल, त्यांनीं वखारींत जाण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांना विचारावें, कीं रात्रीं आपण कोणत्या वाटेनें जातां? त्या वाटेवर एकहि नवी पायरी येणार नाहीं इतकें साधलें, कीं पुढचें काम सुताराचें.